टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत जमीन घेतली. तिच्या टॅक्सची नोंद शोधायची कुठे आणि वाचायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्टिनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मिलम काउंटीत १५ एकर माळरान घेतलं. विकणाऱ्याने दाखवलेलं वर्षाचं बिल होतं जेमतेम २८ डॉलरचं. यंदा मे महिन्यात पत्र आलं, त्यात १४ एकरांची किंमत २ लाख ८० हजार डॉलर. दराने गुणून पाहिलं तर कर पावणेपाच हजारांच्या पुढे जातो. वेबसाइटवर शोधलं तर पंधरावा एकर वेगळ्याच खात्यावर आणि अजून जुन्या मालकाच्या नावावर. त्या एकरावरच्या मोडक्या मोबाइल होमचं (हलवता येणाऱ्या तयार घराचं) तिसरं खातं आहे, त्यावर भलत्याच माणसाचं नाव. जमीन तशीच आहे, शेजाऱ्याची गुरं पूर्वीसारखीच चरताहेत. मग आम्हांला फसवलं का, कर एवढा वाढवता येतो का, आणि हे सगळं तपासायचं कुठे?

मी मध्य टेक्सासात टायटलच्या, म्हणजे जमिनीचा मालकीहक्क तपासण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि टेलर गावात सॅमसंगचा कारखाना जाहीर झाल्यापासून त्या पट्ट्यातले असे प्रश्न माझ्याकडे वाढलेत. आधी उत्तर सांगतो, मग कागद कसे वाचायचे ते. तुम्ही लिहिलंय त्यावरून फसवणूक दिसत नाही आणि करही वाढवलेला नाही. जुन्या मालकाला शेतजमिनीचं मूल्यांकन होतं, म्हणजे कर बाजारभावावर नाही, शेतीच्या उत्पन्नावरून काढलेल्या किमतीवर. मालक बदलला की ते आपोआप पुढे चालत नाही, नव्या मालकाला स्वतः अर्ज करावा लागतो. तो तुम्ही केलेला नाही. आणि तो करायची संधी बहुधा अजून गेलेली नाही, म्हणून हे उत्तर शेवटपर्यंत वाचायच्या आधी अप्रेझल डिस्ट्रिक्टला (करासाठी किंमत ठरवणाऱ्या कचेरीला) फोन करून अर्ज मागवून घ्या.

आता कचेऱ्या. लोक "काउंटीच्या वेबसाइटवर बघितलं" म्हणतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारतो, कुठल्या? टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीची माहिती किमान तीन दारांमागे विखुरलेली असते. पहिलं दार अप्रेझल डिस्ट्रिक्टचं. १९७९ च्या कायद्याने ही डिस्ट्रिक्टं आली. नाव काउंटीचं असलं तरी ते काउंटीचं खातं नाही. शाळा, काउंटी, शहर अशा कर घेणाऱ्या सगळ्या संस्थांसाठी किंमत ठरवणारी ती स्वतंत्र संस्था आहे. बाजारभाव, सवलती, शेतीचं मूल्यांकन, मालकाचा टपालाचा पत्ता, नकाशा हे सगळं इथे. दुसरं दार टॅक्स असेसर-कलेक्टरचं. हा निवडून आलेला अधिकारी. बिल पाठवणं आणि पैसे घेणं त्याचं काम, किंमत ठरवण्याशी त्याचा संबंध नाही. गाडीचं रजिस्ट्रेशनही त्याच खिडकीवर होत असल्याने महिनाअखेरीला तिकडे जाऊ नका. तिसरं दार काउंटी क्लार्कचं, जिथे डीड म्हणजे खरेदीखत, गहाणखत, सर्व्हे म्हणजे मोजणी नोंदवले जातात. किमतीबद्दल तक्रार घेऊन टॅक्स ऑफिसात जाणारे आणि मालकीचा पुरावा मागायला अप्रेझलला जाणारे लोक रोज परत पाठवले जातात.

त्यात ग्रामीण काउंटीची आणखी एक खोड. काही ठिकाणी वसुलीही अप्रेझल डिस्ट्रिक्टच करतं, काही ठिकाणी काउंटीचा कर एकीकडे आणि शाळेचा दुसरीकडे भरायचा असतो. त्यामुळे एक बिल भरलं म्हणजे वर्ष संपलं, असं धरून चालू नका. अप्रेझलच्या नोंदीत तळाशी 'टॅक्सिंग युनिट्स' म्हणून यादी असते: काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, कुठे हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, कुठे इमर्जन्सी सर्व्हिसेस. राज्याचा स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स टेक्सासात नाही आणि आयकरही नाही, प्रॉपर्टी टॅक्स घेतात त्या या स्थानिक संस्थाच, आणि बहुतेक बिलात शाळेचा वाटा सगळ्यांत मोठा असतो. त्या यादीतल्या प्रत्येक संस्थेचा कर कोण गोळा करतं हे एकदाच फोनवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

वेबसाइटवर शोधताना पत्त्याने शोधू नका. माळरानाला बहुधा पत्ताच नसतो. असला तर 'सीआर' म्हणजे काउंटी रोड किंवा 'एफएम' म्हणजे फार्म टू मार्केट रोड आणि पुढे आकडा, एवढंच. नावाने शोधा, तेही आडनाव आधी आणि अर्धवट. आपली नावं तिथे कशी टंकली जातील याचा भरवसा नाही. वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं, आडनावातलं एखादं अक्षर गळतं. पहिली चार-पाच अक्षरं टाकून यादी पाहणं बरं. जुन्या नोंदींत 'एट अल' म्हणजे आणखी सहमालक, 'एट युएक्स' म्हणजे पत्नीसह, 'लाइफ इस्टेट' म्हणजे हयातीपुरता हक्क. असलं काही दिसलं तर थांबून विचारा. नावाने हाती लागलं नाही तर नकाशा उघडून शेजाऱ्याच्या तुकड्यावरून आपल्या तुकड्याकडे या. फक्त त्या नकाशावरच्या रेषा करासाठी काढलेल्या असतात. त्यांवरून कुंपण घालायचं नसतं, त्यासाठी सर्व्हेअर.

खातं सापडलं की दोन क्रमांक दिसतील: छोटा प्रॉपर्टी आयडी आणि लांबलचक जिओग्राफिक आयडी. फोनवर छोटा सांगितला की काम होतं. त्याखाली 'लीगल डिस्क्रिप्शन' असते, आणि माझ्या दृष्टीने पानावरची सगळ्यांत मोलाची ओळ तीच. 'ए' अक्षर, एक आकडा, मग कुणाचं तरी नाव, 'सर्व्हे', ट्रॅक्ट म्हणजे तुकडा, एकर. 'ए'पुढचा हा ॲबस्ट्रॅक्ट क्रमांक म्हणजे मुळात जी जमीन बक्षीस किंवा विक्रीने दिली गेली तिचा त्या काउंटीतला क्रमांक, आणि ते नाव तिच्या पहिल्या मालकाचं. मेक्सिकोच्या राज्यातल्या आणि टेक्सास प्रजासत्ताकाच्या काळातल्या सनदांवर आजही तुमचा कर आकारला जातो. जुन्या डीडमध्ये अंतरं 'व्हारा'त दिसली तर घाबरू नका, टेक्सासात एक व्हारा म्हणजे ३३⅓ इंच. एक लीग म्हणजे सुमारे ४,४२८ एकर. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत जमीन चौकोनी सेक्शनांत मोजलेली आहे, मध्य टेक्सासात ती पद्धत नाही. म्हणून इथे तुकड्याचं वर्णन एखाद्या खुंटापासून किंवा झाडापासून सुरू होऊन फिरत फिरत तिथेच परत येतं.

आता आकडे. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण पानावर किमती पाच-सहा असतात आणि लोक सगळ्यांत वरची किंवा सगळ्यांत मोठी वाचतात. 'इम्प्रूव्हमेंट' म्हणजे बांधकाम. 'लँड होमसाइट' म्हणजे राहत्या घराखालची जमीन, 'नॉन-होमसाइट' म्हणजे बाकीची. मग 'ॲग मार्केट' आणि 'ॲग यूज' असे दोन रकाने येतात. पहिल्यात जमीन विकली तर काय येईल तो आकडा. दुसऱ्यात शेती किंवा गुरांपासून ती जमीन जे निव्वळ उत्पन्न देऊ शकते त्यावरून काढलेली किंमत. शेतजमीन म्हणून मंजुरी असेल तर कर लागतो तो दुसऱ्या आकड्यावर. दर असतो दर शंभर डॉलरला.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. समजा सगळ्या संस्थांचा मिळून दर १.७० आहे आणि कुरणाची शेतीमूल्याची किंमत एकरी १२० डॉलर धरली. १४ एकरांचे झाले १,६८० डॉलर, कर २८ डॉलर ५६ सेंट. तीच जमीन बाजारभावाने, एकरी २० हजार धरून, २ लाख ८० हजारांची. कर ४,७६० डॉलर. म्हणजे जुन्या मालकाच्या पानावरही बाजारभावाचा आकडा छापलेला होताच. तुम्ही बिल पाहिलंत, पान पाहिलं नाहीत. यंदाच्या पानावर 'ॲग यूज'चा रकाना रिकामा किंवा शून्य असेल. एवढी एक गोष्ट पाहा, बाकी सगळं उलगडतं. (गैर-राहत्या मालमत्तेची किंमत वर्षाला २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही असं तुम्ही कुठे ऐकलं असेल. ती मर्यादा २०२४ ते २०२६ पुरती आहे, पण नव्या मालकाला पहिल्याच वर्षी मिळत नाही आणि शेतीच्या मूल्यांकनातल्या जमिनीला लागत नाही. त्यामुळे त्या वाटेने जाऊ नका.)

शेतीच्या या मूल्यांकनाला इकडे सगळे 'ॲग एक्झेम्प्शन' म्हणतात, कायद्याने ती सूट नाही. नाव आहे 'वन-डी-वन ओपन स्पेस', राज्यघटनेतल्या कलमावरून. अट अशी की जमीन सध्या मुख्यतः शेतीकडे लागलेली हवी, मागच्या सातपैकी पाच वर्षं ती तशी वापरात हवी, आणि त्या भागात जितकी रीत आहे तितक्या प्रमाणात हवी. दहा एकरांवर एक बकरी बांधून चालत नाही. किती एकराला किती जनावरं, किती कापण्या गवत, याची मार्गदर्शक पत्रिका प्रत्येक अप्रेझल डिस्ट्रिक्टची असते. ती मागून घ्या, कारण शेजारच्या काउंटीची पत्रिका इथे उपयोगाची नाही. गुरं तुमची असण्याची गरज नाही, शेजाऱ्याची चालतात. पण तोंडी व्यवहारावर राहू नका, एक पानाचा चराईचा करार करा, वर्षाला एक डॉलर लिहिलंत तरी हरकत नाही. ५ ते २० एकरांत मधमाश्या ठेवूनही पात्रता मिळते आणि शहरातून येणाऱ्यांना ती कल्पना फार आवडते. तुमच्याकडे गुरं आधीच चरताहेत, तेव्हा पेट्या आणि दंश विकत घेऊ नका.

अर्जाची साधारण मुदत ३० एप्रिल. ती गेली. पण त्या वर्षाच्या नोंदींना अप्रेझल रिव्ह्यू बोर्डाने (किमतींवरच्या हरकती ऐकणाऱ्या मंडळाने) मंजुरी देईपर्यंत, म्हणजे बहुधा जुलैपर्यंत, उशिराचा अर्ज घेतला जातो. दंड बाजारभावाचा कर आणि शेतीमूल्याचा कर यांतल्या फरकाच्या १० टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबात सुमारे ४७३ डॉलर. ४,७६० भरण्यापेक्षा हे बरंच. याच्या जोडीला पत्रावर छापलेल्या मुदतीत प्रोटेस्टही, म्हणजे लेखी हरकत, दाखल करून ठेवा. ती मुदत १५ मे किंवा पत्र पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी नंतरची. मंजुरी मिळाली तर प्रोटेस्ट मागे घेता येतो. न मिळाली तर बोर्डासमोर बोलायचा हक्क शाबूत राहतो. अर्जासोबत गुरांचे तारखेसकट फोटो, करार, आणि शक्य झालं तर जुन्या मालकाचं दोन ओळींचं पत्र की मागची पाच वर्षं चराई चालू होती.

या सगळ्याशी एका शब्दाची सरमिसळ होते, 'रोलबॅक'. तुम्हांला तो लागलेला नाही. अर्ज न केल्याने मूल्यांकन गेलं तर त्या वर्षाचा कर पूर्ण लागतो, एवढंच. रोलबॅक लागतो तो वापर बदलल्यावर. तुम्ही कुंपण घालून प्लॉट पाडले, गोदाम बांधलं, तर मागच्या ३ वर्षांचा वाचलेला कर एकदम वसूल होतो. २०१९ पर्यंत हा काळ ५ वर्षांचा होता. वरच्याच आकड्यांत धरला तर १४ हजार डॉलरच्या पुढे. तो जमिनीला चिकटतो, ती तीन वर्षं मालक कोण होता हे पाहिलं जात नाही. म्हणून खरेदीच्या करारात तो कोणी भरायचा हे लिहिलेलं असावं लागतं. घर बांधायला एखादा एकर काढलात तर रोलबॅक लागलाच तरी फक्त तेवढ्याच एकरावर. त्यामुळे बांधकामाची जागा आधी सर्व्हेने आखून घेणं शहाणपणाचं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या लोकांच्या बाबतीत मला सांगावीच लागते. तुम्ही दोघं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-वन-बीवर असाल तर १९७८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्ही शेतजमिनीचे परदेशी मालक ठरता. १० एकरांपेक्षा जास्त शेतजमीन घेतल्यावर ९० दिवसांत कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे एफएसए-१५३ हा फॉर्म द्यायचा असतो. न दिल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. टेक्सासच्या ओपन स्पेसच्या अर्जातही मालक अनिवासी परदेशी आहे का आणि अशी नोंदणी त्याला बंधनकारक आहे का, असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. या एका मुद्द्यासाठी वकिलाची तासाभराची फी भरा. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या सह्या होतात त्या टेबलावर हे कोणी सांगत नाही.

आता पंधरावा एकर. हे का झालं असेल त्याचा अंदाज सोपा आहे. जुना मालक तिथे राहत असावा. राहत्या घराला सवलत मिळते आणि त्याखालच्या जमिनीला शेतीचं मूल्यांकन मिळत नाही, म्हणून अप्रेझलने तो एकर तोडून वेगळं खातं केलं. तुमचं डीड नोंदवल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने एक खातं तुमच्या नावावर केलं, दुसरं राहिलं. हे नेहमी घडतं. पण अंदाजावर थांबू नका. काउंटी क्लार्ककडून तुमच्या डीडची प्रत घ्या. साधी प्रत पानाला एक डॉलर. तिच्या वर्णनात पूर्ण १५ एकर आहेत की १४ आणि 'एक एकर वगळून' असं वाक्य आहे, ते शब्दन् शब्द वाचा. पहिलं असेल तर ती प्रत आणि दोन्ही खात्यांचे क्रमांक अप्रेझलला पाठवा, दुरुस्ती होते. दुसरं असेल तर खरेदीच्या वेळी मालकीहक्क तपासलेल्या टायटल कंपनीला आजच फोन. अप्रेझलच्या पानावर नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाही म्हणून कोणाची मालकी जात नाही. सातबाऱ्याबद्दल आपले वकील जे सांगतात तेच इथेही: महसुलाची नोंद वेगळी, हक्काचा दस्त वेगळा.

क्लार्ककडे गेलाच आहात तर किंमत शोधत बसू नका, टेक्सासात ती जाहीर करण्याची सक्ती नाही. डीडमध्ये 'दहा डॉलर आणि इतर योग्य मोबदला' एवढंच लिहितात. कुणी कर्ज काढून घेतलेली जमीन असेल तर तिच्या डीड ऑफ ट्रस्टवर (गहाणखतावर) कर्जाची रक्कम असते, आणि शेजारच्या दोन-तीन व्यवहारांवरून भाव काय चाललाय ते साधारण कळतं. प्रोटेस्टच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

त्या एकराची घाई का, तर पत्त्यामुळे. बिल ऑक्टोबरच्या सुमारास निघतं, भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. जुन्या खात्याचं बिल जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाईल आणि तो ते टोपलीत टाकेल. बिल मिळालं नाही ही सबब कायद्याने चालत नाही. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं, दर महिन्याला ते वाढतं, १ जुलैला दंड १२ टक्के होतो आणि वर वसुली करणाऱ्या वकिलाची २० टक्क्यांपर्यंत फी. मग खटला, आणि शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव. शेतजमीन असली तर लिलावानंतर दोन वर्षांत सोडवून घेता येते, पण पहिल्या वर्षी २५ आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के जादा देऊन. थोड्याशा करापायी हे होऊ शकतं. म्हणून टॅक्स ऑफिसकडून तिन्ही खात्यांचं टॅक्स सर्टिफिकेट, म्हणजे कर थकलाय का ते सांगणारा दाखला, मागा, एकाची फी १० डॉलरपर्यंत. क्लोजिंगच्या वेळी टायटल कंपनीने ते घेतलं असेलच, पण किती खात्यांवर घेतलं ते फाइल उघडून पाहा. एकाच खात्यावर घेतलेलं असेल तर बाकीच्या दोन खात्यांबद्दल ते काहीच सांगत नाही.

राहिलं मोबाइल होम. टेक्सासात त्याची मालकी जमिनीबरोबर आपोआप जात नाही. त्याची नोंद राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे टीडीएचसीएकडे, लेबल किंवा सिरीयल नंबरवर असते आणि थकलेला कर त्या नोंदीवर बोजा म्हणून दिसतो. लेबल घराच्या एका टोकाला बाहेरून ठोकलेली छोटी धातूची पट्टी असते. तिचा फोटो काढा, खात्याच्या वेबसाइटवर तो नंबर टाका. नाव विकणाऱ्याचं असेल तर त्याच्याकडून मालकीची नोंद बदलून घ्या. तिऱ्हाइताचं असेल तर ते घर तुम्ही विकत घेतलेलंच नाही. मग ते पाडायला माणूस बोलावण्याआधी त्या तिऱ्हाइताला लेखी पत्र द्या. घर कुणीतरी कधीच हलवून नेलं असेल, नुसता सांगाडा उरला असेल, तर अप्रेझलला फोटोसकट कळवा आणि १ जानेवारीच्या आत कळवा, कारण त्या दिवशी जे जागेवर उभं दिसेल त्यावर पुढच्या वर्षाचा कर लागतो.